कोएदाचा सातो

आमच्या गावात भर बाजारात कुणी "सातो-सान" अशी हाक मारली, तर निम्मी माणसं मागे वळून बघतात. अकिता प्रांतात सगळीकडे थोडंफार असंच. त्यामुळे आम्ही माणसाला आडनावानं ओळखतच नाही, घराच्या नावानं ओळखतो. विहिरीवाले, लोहाराकडचे, वरच्या पुलाचे. कान्जिरो सातो मुळ्याला धूर देऊन लोणचं घालायचे, म्हणून ते धुरीवाले. मीही सातोच, पुलाकडचा.

कुठल्याही सातोला विचारा, तो सांगेल की आमच्या नावातलं 'तो' म्हणजे जांभळ्या घोसांची वेल. जुन्या फुजिवारा सरदारांच्या नावातही तेच अक्षर, तेव्हा आम्ही त्यांच्यातलेच. असेल काही घरांचं खरं. आमच्याकडे मात्र वेगळं घडलं. मेइजी राजवटीत शेत कसणाऱ्या कुळांनीही आडनाव लावलंच पाहिजे असा हुकूम निघाला, तेव्हा गावचा मुखिया सातो होता. लोक त्याच्या ओसरीवर जाऊन म्हणाले, "आम्हालाही तुमचंच द्या." त्यानं देऊन टाकलं.

एका घरानं घेतलं नाही. त्यांचा तुकडा नदीकाठचा, पाणथळ, काही न पिकणारा. पिढ्यानपिढ्या सोनखत वाहून त्यांनी तिथं भात उभा केला होता. घरचा कर्ता म्हणाला, "आमच्या शेतावरून काय ते लिहा." मुखियानं लिहिलं, कोएदा. खतावलेलं शेत. गावात या नावाचं ते एकच घर राहिलं.

मोरिहिको त्या घरातला एकुलता एक मुलगा. आम्ही एका वर्गात होतो. हजेरीत त्याचं नाव आलं की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच शेवट जोडायचं, "कोएदामे." कोएदामे म्हणजे सोनखताचा खड्डा. नवे मास्तर आले, त्यांनाही हसू आवरलं नाही. मोरिहिको मान खाली घालून "हजर" म्हणायचा. पालकांच्या दिवशी त्याचे वडील तात्सुझो चिखलाचे बूट दाराशी काढून आत आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मी कोएदा." मोरिहिको तेव्हा खिडकीबाहेर बघत होता. वडिलांनी हात केला, तरी त्यानं पाहिलं नाही.

पुढे आम्ही दोघं भाताच्या सहकारी संस्थेत कामाला लागलो. तिथं अर्धी टेबलं सातोंची. उंच सातो, चष्म्याचा सातो, पुलाकडचा सातो. "तुमचं बरं आहे," तो एकदा मला म्हणाला, "कुणाच्या लक्षातच राहत नाही तुम्ही." मला ते तेव्हा चेष्टेचं वाटलं.

धुरीवाल्यांना एकच मुलगी, फुमिए. मोरिहिकोचं आणि तिचं जमलं. मध्यस्थी करणाऱ्या बाईंनी घरजावई होऊन सासऱ्यांचं नाव लावायचा विषय कसा काढायचा याची आठवडाभर तयारी केली होती, ती वायाच गेली. मोरिहिको लगेच हो म्हणाला. उलट कान्जिरोच म्हणाले, "अहो, तोही एकटाच आहे. फुमिए कोएदा झाली तरी चालेल आम्हाला. पुढे एखादं नातवंड आमच्या नावावर दत्तक द्या म्हणजे झालं." मोरिहिको म्हणाला, "नाही, मीच सातो होईन." कान्जिरोंना वाटलं, काय मनाचा मोठा मुलगा.

घरी वडिलांना त्यानं सांगितलं, "सासरे ऐकतच नाहीत. नाव त्यांचंच लावायचं, नाहीतर मुलगी देणार नाही म्हणतात."

तात्सुझोंनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला. मग विचारलं, "मुलगी चांगली आहे ना?"

"आहे."

"मग जा."

लग्नाला ते आले, मागच्या रांगेत बसले, आणि त्यानंतर धुरीवाल्यांच्या उंबऱ्याला त्यांनी पाय लावला नाही. सणाला तिकडून लोणचं जायचं, तात्सुझो ते शेजाऱ्यांना वाटून टाकायचे. कान्जिरोंना कळेना आपलं काय चुकलं. मोरिहिको म्हणायचा, "बाबा आहेतच तसे हट्टी." त्याची मुलगी चिनात्सु शाळेत जायला लागली, वर्गातल्या इतर सातोंमध्ये मिसळून गेली. सगळं त्याला हवं होतं तसंच झालं होतं.

मग एका हिवाळ्यात छपरावरचं बर्फ ओढताना तात्सुझो खाली पडले, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर कान्जिरो म्हणाले, आता मी जाणारच. मोरिहिकोनं नाना कारणं काढली. रस्ता निसरडा आहे, त्यांना झोप लागली असेल, पुढच्या आठवड्यात बघू. कान्जिरो मला म्हणाले, "तुझी गाडी काढ रे." मोरिहिकोलाही मग यावंच लागलं. म्हणून मी त्या दिवशी तिथं होतो.

तात्सुझो आत शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाखाली पाय घालून बसले होते. कान्जिरोंनी लोणच्याचं पुडकं पुढे ठेवलं, तब्येतीचं विचारलं. तात्सुझोंनी पुडकं बोटानं मागे सरकवलं.

"धुरीवाले," ते म्हणाले, "माझा मुलगा नेलात, ते ठीक. मुलं जातात. पण नाव कशाला काढून घेतलंत? तुमचं नाव काय कमी माणसं लावतात? माझं एकट्याचं होतं. मी मेलो की या गावात ते लावणारं कुणी नाही."

कान्जिरोंनी मोरिहिकोकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो चटईकडे बघत होता.

मग कान्जिरो गुडघ्यांवर मागे सरकले, दोन्ही हात चटईवर टेकवले आणि कपाळ खाली नेलं. "चुकलंच माझं, कोएदा-सान. एकच मुलगी, तेव्हा स्वार्थ सुचला. माफ करा."

तात्सुझोंनी त्यांना बरंच ऐकवलं. नावाचा लोभी म्हणाले, भरल्या घरातून चोरी करणारा म्हणाले. कान्जिरो वाकलेलेच राहिले. आणि मोरिहिको, ज्याच्या एका वाक्यानं हे सगळं थांबलं असतं, तो गप्प बसून राहिला.

परतल्यावर घराशी गाडीतून उतरताना कान्जिरो मोरिहिकोला म्हणाले, "मी वाकलो त्याचं काही नाही. माझी पाठ म्हातारी आहे, तिला सवय आहे. पण तू कसा बसू शकलास?"

मोरिहिकोनं त्या संध्याकाळी फुमिएला सगळं सांगितलं. शाळेतलं चिडवणंही. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "मला कोण चिडवणार होतं? लोणचं विकणारी कोएदा. गिऱ्हाईकांच्या लक्षात तरी राहिले असते." मग फडकं ठेवून म्हणाली, "माझ्या वडिलांना तुम्ही चोर ठरवलंत. उद्या तिकडे जा. जाईपर्यंत मला काही विचारू नका."

तो सकाळी गेला. वडिलांसमोर बसून त्यानं सांगितलं की अट कुणीच घातली नव्हती. "मला लाज वाटायची. नावाची. तुमच्या बुटांची पण."

तात्सुझो चिडले असते तर त्याला सोपं गेलं असतं. ते नुसते कानापर्यंत लाल झाले. "म्हणजे काल त्या माणसाला मी..." एवढंच म्हणाले. काठी मागितली, कोट मागितला. "चल. मला तिकडे ने."

डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून बजावलं होतं. मोरिहिकोनं त्यांना पाठुंगळीला घेऊन गाडीत बसवलं. धुरीवाल्यांच्या अंगणात, मुळ्यांच्या माळा टांगलेल्या धुरीच्या खोपटापाशी, दोन म्हातारे एकमेकांसमोर उभे राहिले. तात्सुझोंना वाकता येत नव्हतं, तरी ते वाकायला बघत होते आणि कान्जिरो त्यांना खांद्याला धरून सरळ करत होते. "राहू द्या हो, पडाल. आत चला, चहा घेऊ." कुणीही मोरिहिकोकडे पाहिलं नाही. तो गाडीचं दार धरून उभा होता. आत ये, असं त्याला कुणी म्हटलं नाही, आणि न बोलावता जायचा धीर त्याला झाला नाही.

पुढची काही वर्षं त्या दोघांचं चांगलं सूत जमलं. तात्सुझो लोणच्याला नावं ठेवत ते खायचे. चिनात्सुनं एकदा विचारलं, "आजोबा, मी कोएदा होऊ का? कायद्यानं होता येतं." ते म्हणाले, "बापाचं ओझं तू कशाला घेतेस, पोरी? तुझ्या नावानं सुखात राहा." मोरिहिको शेजारीच बसला होता. मुलाशी ते नीट बोलायचे, पिकाचं, हवेचं. नावाचं पुन्हा कधी नाही.

तात्सुझो गेले तेव्हा मी मोरिहिकोसोबत होतो. दहनघरातल्या तरुण कारकुनानं विचारलं, "मृत कोएदा. आपण सातो. नातं?"

"मुलगा."

"अच्छा, घरजावई म्हणून गेलात." आमच्याकडे यात नवल काही नाही, त्यानं पुढचं विचारलंही नसतं.

"हो," मोरिहिको म्हणाला. "कुणी भाग पाडलं नव्हतं. मीच टाकलं ते नाव."

कारकुनाला याचं काय करावं ते कळलं नाही. त्यानं मान हलवली आणि आम्हाला बसायची खोली दाखवली.