मोंबासाच्या शब्दांची वही

लवंगेचा वास आला की मुलुंडचं घर आठवतं. मोंबासाला नोकरी करणाऱ्या मुलाशी माझं लग्न नुसत्या फोटोवरून ठरलं होतं. लवंगेचा वास येणाऱ्या त्याच्या पत्रांतले स्वाहिली शब्द, इंग्रजी अर्थ आणि रोजची वाक्यं मी वहीत उतरवायचे. माजी म्हणजे वॉटर; लेते माजी, पाणी आण. चुलतबहीण रोज माझं पाठांतर घ्यायची. तो रजेवर आला, आणि पोहे घेऊन बाहेर गेलेली तीच त्याला पसंत पडली. तीही लाजून हो म्हणाली! आई मला म्हणाली, “वही तिला देऊन टाक गं, तुला आता काय उपयोग?” मी दिली. फक्त ‘निसाईदिए’, म्हणजे ‘मला मदत करा’, हे पान फाडून घेतलं. ते अजून माझ्याकडे आहे. तिकडे तिला त्याची गरज पडली का, मी कधीच विचारलं नाही.