पागेत न टिकलेले दाजी

उभ्या करवीर संस्थानात बूड टेकायला शिकला नाही असा एकच माणूस होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या पदरात पडला. आमचे दाजी स्वतःच्या लग्नातसुद्धा पाटावर धड बसले नाहीत, असे अक्का सांगते. भटजी मंत्र म्हणत होते आणि नवरदेव मुंडावळ्या मागे सारून मांडवातल्या कुणाच्या तरी खोकणाऱ्या पोराच्या छातीला कान लावून उभे होते. जेवताना एक गुडघा वर, एक टाच मागे, भाकरीचा तुकडा तोंडात आणि नजर दाराकडे. आता मी पडलो मुळातला बैठकीचा माणूस. कचेरीत जाऊन बसायचे, घरी येऊन बसायचे आणि सणावाराला अक्काकडे जाऊन बसायचे, एवढीच माझी धाव. दाजींकडे नुसते बघूनच मला दम लागे. "पावणं, बसून बसून मूळ फुटंल की तुम्हाला," असे ते जाता जाता म्हणत. जाता जाता म्हणायचे कारण असे, की थांबून बोललेले त्यांचे एकही वाक्य मला आठवत नाही.

दाजी पूर्वी एका दवाखान्यात कंपाउंडर होते. तिथे स्टुलावर बसून पुड्या बांधायच्या असत. काही दिवस त्यांनी कळ काढली, मग एका सकाळी स्टूल उलटे करून ठेवले आणि घरी आले. अक्काने कपाळाला हात लावला, तर म्हणाले, "हितं येतोय त्येला चालता येतंय. ज्येला चालताच येईना त्येचं काय?" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दोन खांद्यांना दोन झोळ्या अडकवल्या आणि गावातल्या गरिबांच्या गल्ल्या पायांखाली घालायला सुरुवात केली. एका झोळीत हिवतापावरचे कोयनेल, एरंडेल, सुंठ आणि मलमाच्या डब्या. औषध फुकट. गुळाचे व्यापारी आणि पेठेतले चार सज्जन मिळून झोळी भरीत. दाजी दुकानासमोरून जाताना झोळीचे तोंड उघडे धरीत आणि व्यापारी त्यात पटकन काहीतरी टाकीत. नाही टाकले तर हा माणूस दुकानाभोवती फेऱ्या घालीत बसतो, हे सर्वांना ठाऊक झाले होते. महारवाड्यात जाऊन हा नाडी धरतो म्हणून शेजारणींनी अक्काला हळदीकुंकवाला बोलवायचे बंद केले. अक्का म्हणाली, "बरं झालं. तेवढाच येळ वाचला."

दुसऱ्या झोळीत पाट्या होत्या. त्याचे असे झाले, की दाजी निघाले की गल्लीतली पोरे गंमत म्हणून त्यांच्या मागे पळत. दाजींना थांबलेले पाय जसे बघवत नसत, तसे रिकामे तोंडही बघवत नसे. त्यांनी पोरांना पाढे म्हणायला लावले. पाढे झाल्यावर अक्षरे आली. पण चालत्या शाळेला फळा कुठला? तर प्रत्येक पोराने आपली पाटी सुतळीने पाठीवर अडकवायची, म्हणजे मागच्याने पुढच्याच्या पाठीवरचे वाचायचे. सर्वांत पुढच्या पोरासाठी दाजींनी स्वतःच्या पाठीवर पाटी बांधून घेतली. डोक्याला पटका, दोन झोळ्या, पाठीवर 'ग म भ न' लिहिलेली पाटी आणि मागे आरोळ्या ठोकणारी पोरांची रांग, अशी ही वरात रोज सकाळी आमच्या दारावरून जाई. मी पहिला चहा घेत असे आणि आपले या माणसाशी नाते आहे हे समोरच्या बिऱ्हाडाला कळू नये म्हणून तोंड फिरवीत असे.

रोगी तपासायची त्यांची रीतही चालतीच होती. पाढ्यांचा आवाज कोपऱ्यावर आला की ज्याला काही होत असेल त्याने उंबऱ्यावर येऊन उभे राहायचे आणि जीभ बाहेर काढून ठेवायची. दाजी जिभा वाचीत पुढे सरकत. "पोट बिघडलंय, एरंडेल घे. तू काल भजी हाणलीस. तुझं काय न्हाय, कामाला लाग. तू मोठ्या दवाखान्यात जा, आज जा, उद्या न्हाय." अंथरुणाला खिळलेला कुणी असला तर मात्र ते आत जात आणि त्याच्यापाशी वाकत. तेवढा वेळ पोरे दाराशी जागच्या जागी पाय आपटत पाढा चालू ठेवीत, कारण पाढा थांबला की दाजी बिथरत.

वर्षाचे आठ महिने हे ठीक चाले. पण आमच्याकडचा पाऊस एकदा बसला की दाजींसारखा नाही, तो उठायचे नाव घेत नाही. पुड्यांचा चिखल होई, पोरे शिंकत, आणि गळक्या झोपडीत ओल्या भिंतीशी तापाने पडलेल्या माणसाला हलवावे म्हटले तर कोरडी जागा नसे. एका पावसाळ्यात एक बाळंतीण अशीच गेली. त्यानंतर दाजी दोन दिवस जेवले नाहीत. मग त्यांनी दरबारातले एक रावसाहेब गाठले. गाठले म्हणजे त्यांच्या टांग्याच्या चाकाबरोबर पळत पळत अर्ज तोंडी सादर केला. तो काळ महाराजांचा. गावात शिकणाऱ्या पोरांसाठी बोर्डिंगे उघडत होती, आणि गरिबाच्या शिक्षणाचे नाव काढले की दरबारात निदान ऐकून तरी घेत. एक रिकामी पडलेली घोड्यांची पागा दाजींना मिळाली. मात्र रावसाहेब शिस्तीचे होते. त्यांनी बजावले, "तुम्ही सकाळी खुर्चीवर बसायचं, मुलांनी सतरंजीवर बसायचं. महिन्यानं मी बघायला येईन. जागेवर दिसला नाहीत, तर पागा परत."

अक्काला देव पावल्यासारखे झाले. पागा सारवली, खाटा टाकल्या, आणि तापाची दोन माणसे पहिल्याच दिवशी कोरड्यात आली. राहिले खुर्चीचे. अक्काने मला बोलावून सांगितले, "तुला दुसरं काय येत न्हाय. ह्यास्नी बसायला तरी शिकीव." मी मनापासून शिकवले. पाठ टेकावी, पाय सैल सोडावेत, डोळे अर्धे मिटावेत, कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये. दाजी माझे ऐकून खुर्चीत बसत आणि त्यांच्या टाचा खाली टप टप वाजू लागत. तिथे पूर्वी बांधलेल्या जनावरांची आठवण होई. थोड्या वेळाने खुर्ची इंचाइंचाने दाराकडे सरकू लागे. मग मी पाणी प्यायला वळलो की खुर्ची रिकामी.

महिना भरला आणि रावसाहेब आले. जरीचा पटका, पायांत नवे पंपशू. त्या दिवशी मी दाजींना अक्षरशः खांद्याला धरून बसवून ठेवले होते. पोरे सतरंजीवर ओळीने बसली होती. खाटांवरची माणसे आमच्याकडे बघत होती. आपण इथे राहतो की पुन्हा त्या ओल्या भिंतीशी जातो, हे आता ठरणार आहे, हे त्यांना कळत होते. रावसाहेबांनी एका पोराला तेराचा पाढा विचारला. पोरगे गप्प. दुसऱ्याला साताचा विचारला. तेही गप्प. तिसऱ्याला दोनाचा विचारला तर ते रडायला लागले. रोज सकाळी माझा चहा नासवणारे हे पाढे गेले कुठे? रावसाहेब दाजींकडे वळून म्हणाले, "हेच का तुमचं शिक्षण?" दाजींची मान खाली गेली. त्यांना मान खाली घातलेले मी पहिल्यांदाच बघितले आणि मला ते मुळीच आवडले नाही.

तेवढ्यात नालबंदाची मुमताज उठली. "सायब, बसून येत न्हाईत," ती म्हणाली. "चालून म्हणू का?"

रावसाहेबांना काही कळायच्या आत ती चालू लागली, आणि पाय हलल्याबरोबर तेराचा पाढा तिच्या तोंडातून गिरणीतल्या पिठासारखा पडू लागला. बाकीची पोरे उठून तिच्या मागे लागली. पागेत जागा पुरेना, तेव्हा रांग दाराबाहेर पडली. दाजी खुर्चीतून कधी उठले ते मला समजलेच नाही. रांगेच्या पुढे त्यांच्या पाठीवरची पाटी दिसली तेव्हा समजले. परीक्षा अर्धी सोडता येईना म्हणून रावसाहेब मागे, आणि रावसाहेबांना एकटे सोडता येईना म्हणून त्यांच्या मागे मी.

पहिल्याच गल्लीत घोटाळा झाला. पाढ्यांचा आवाज ऐकून दोन्ही बाजूंच्या दारांत माणसे येऊन उभी राहिली आणि त्यांनी जिभा बाहेर काढल्या. पोरे पुढे निघून गेली आणि दरबारचे रावसाहेब त्या जिभांच्या मधोमध सापडले. म्हातारे, बायका, कडेवरची पोरे, स्वतः नालबंद, सगळे त्यांना जीभ दाखवीत उभे. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "हा काय प्रकार आहे?" त्यांनी मला विचारले. मी बोलायचा प्रयत्न केला, पण मला इतके चालायची सवय नव्हती. तोंडातून शब्दाऐवजी नुसता वारा आला. एवढ्यात एका म्हातारीने त्यांचा कोट धरला. "बग की रं लेकरा नीट," ती म्हणाली, "काल धरनं त्वांड कडू हाय." आणि तिने जीभ आणखी लांब काढली.

रावसाहेबांनी खाली वाकून खरोखरच तिची जीभ बघितली.

परत पागेत आल्यावर ते त्या खुर्चीत धपकन बसले. नवे पंपशू चिखलाने भरले होते. दाजी समोर उभे, एका पायावरून दुसऱ्या पायावर. "पागा राहू द्या," रावसाहेब म्हणाले. "पण खुर्चीत बसायला दुसरा माणूस बघा." संस्थानात त्या कामाला माझ्याइतका लायक माणूस नव्हता. कचेरीच्या आधी रोज सकाळी मी पागेत बसू लागलो. खाटांवरच्यांना पाणी द्यावे, पेज पाजावी, गावातले डॉक्टर फेरी टाकून जात त्यांना कुणाला ताप चढला ते सांगावे, आणि दाजी कुठल्या गल्लीत आहेत ते आवाजावरून ओळखावे. वर्षानुवर्षे हे असेच चालेल असे मी धरून चाललो होतो.

एका आषाढात दाजी निसरड्यात पडले आणि कमरेचे हाड गेले. दोन महिन्यांनी पागेतल्या त्या खुर्चीत त्यांना चौघांनी उचलून बसवले. अक्का जन्मभर त्यांना बसा बसा म्हणत आली होती. ती खांबामागे जाऊन रडली. "बसा म्हनत हुते," ती मला म्हणाली, "पर असं न्हाय रं." दाजी दाराकडे बघत होते. पोरे पाठीवर पाट्या बांधून बाहेर उभी होती, आणि पुढे कुणाची पाठ नव्हती.

"पावणं," दाजी म्हणाले, "पाठ करा हिकडं."

त्यांनी माझ्या पाठीवर पाटी बांधली, तिच्यावर काहीतरी लिहिले आणि मला हलकेच पुढे ढकलले. तेव्हापासून रोज सकाळी मी चालू लागलो. माणसे उंबऱ्यावर जिभा काढून उभी राहत. मला त्यातले ओ की ठो कळत नसे. मी आपला म्हणे, "सांजंला पागेत या, दाजी बसल्यात." बसल्यात हा शब्द दाजींच्या बाबतीत तोंडातून काढताना मला दर वेळी चुकल्यासारखे होई.

माझ्या पाठीवर काय लिहिले आहे ते मला पोरे वाचीत तेव्हाच समजे. बहुतेक वेळा कमळ, बदक, मगर असे काही असे. एका सकाळी मी नेहमीप्रमाणे रेंगाळत पागेच्या कोपऱ्यावर वळलो, आणि मागून रांगेतल्या पहिल्या पोराने अक्षरे जुळवून मोठ्याने वाचले, "पावणं, भरभर चाला." मागच्या सगळ्यांनी ते पाढ्यासारखे उचलले. मी वळून बघितले. दाजींनी खुर्ची कशीबशी दारापर्यंत सरकवून घेतली होती आणि त्यांच्या टाचा जमिनीवर वाजत होत्या.

दाजी त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. अजूनही रस्त्याने कुणी माझ्या मागून चालत येऊ लागले, की माझे पाय आपोआप भरभर पडतात.