वासनिकबाईंचा प्रिंटर

प्रिंटरमध्ये गठ्ठा घालण्याआधी वासनिकबाई त्यातला एक कागद काढून स्वतःच्या गालाला लावत. परीक्षा विभागात मी तेव्हा नवा होतो. मला वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय.

"काय पाहून राहिले? गार लागला का समजायचं, कागद ओला आहे. हाताले कळत नाही, गालाले कळते," त्या म्हणाल्या.

बाई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. पुण्यात सगळी नोकरी झाली, धायरीत घर झालं, पण बोली तसूभर हलली नाही. छपाईची खोली त्यांच्या ताब्यात होती. तिथला प्रिंटर म्हणजे कपाटाएवढं धूड. तो पूर्ण वेगात असला की सुटं पान दिसतच नसे, नुसता ढीग वाढताना दिसे. या वेगाचा बाईंना भारी अभिमान. रोज सकाळी रोलर पुसायचे, कागदाची धूळ झाडायची, गठ्ठा दोन्ही हातांनी वाकवून पानं मोकळी करायची, मगच आत. कोणी ट्रेमधल्या खुणेच्या रेघेच्या वर कागद कोंबला की म्हणत, "आग्रह पंगतीत करा, मशीनले नाही."

त्या जुलैत हॉलतिकिटं छापायची होती. सकाळी बाई यायच्या आतच मशीन सुरू झालं आणि दर दहा-वीस पानांनी कागद अडकू लागला. दुरुस्तीवाला आला, वेग निम्म्यावर आणून म्हणाला, "पावसाळाभर असंच चालवा."

आमचे साहेब नारायण पेठेतले. ते दारातूनच म्हणाले, "वा! या वेगानं पोरांचा निकाल आधी लागेल. बाई, पाचपर्यंत झालं नाही तर उद्यापासून छपाई बाहेर देऊ. या खोलीत सायकली लावता येतील."

नुकत्याच पोचलेल्या बाईंनी एक कागद गालाला लावला. "मशीन ठणठणीत आहे साहेब. कागद सादळला. सगळे गठ्ठे आधीच फोडून ठेवले."

फोडले होते मी. बाईंचं काम हलकं व्हावं म्हणून आदल्या संध्याकाळी सगळी वेष्टनं काढून कागद खिडकीखाली रचून ठेवला होता. नको तिथे शहाणपणा! माझी मान आपोआप खाली गेली. साहेबांनी विचारलं, "कोणी?"

बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "मीच जी. चुकलं माझं."

मग साहेब त्यांना जे बोलले, ते इथे लिहवत नाही. आणि मी गप्प उभा राहिलो, याची लाज आजही वाटते.

साहेब गेल्यावर बाई म्हणाल्या, "चला, वरच्या रेकॉर्ड रूममधून बंद गठ्ठे आना." मी धावत जिने चढलो. बाईंनी रोलर पुसले आणि वेग थेट पूर्ण केला. एक गठ्ठा संपत आला की मगच पुढचा फोडायचा. दोघांचेही डबे तसेच राहिले. साडेचारला शेवटचं हॉलतिकीट पडलं. बाईंनी साहेबांना जाऊन सांगितलं, "झालं जी. सायकली बाहेरच राहू द्या."

संध्याकाळी मी विचारलं, "बाई, माझ्यासाठी एवढी बोलणी का खाल्लीत?"

"तुमचं नाव घेतलं असतं, तर तुम्ही पुन्हा या खोलीत पाय नसता ठेवला. मी पुढच्या वर्षी रिटायर होऊन राहिली. मशीन कोणाच्या हाती देऊ?"

आज ती खोली माझ्याकडे आहे. मशीन पूर्ण वेगात चालतं, भर जुलैतसुद्धा. कोणी कौतुक केलं तर मी छाती फुगवून सांगतो, मला वासनिकबाईंनी निवडलंय.