हातांवर बसणाऱ्या मावशी

मावशी आम्हाला कपडे घालायला शिकवायला बसल्या, की आधी स्वतःच्या हातांवर बसायच्या. मला जन्मापासून दिसत नाही, त्यामुळे हे उशिरा कळलं. बटणाशी झटापट करून मी रडकुंडीला आले होते आणि मदतीसाठी त्यांचे हात चाचपत होते, तर ते दोन्ही मांड्यांखाली दडपलेले. "माजे हात जाम आगाऊ हायेत," त्या म्हणाल्या. "मोकले सोरले का पोरांच्या बटनांवर धावतात."

पनवेलच्या आमच्या अंध मुलांच्या शाळेत त्या आया होत्या. मूळच्या करंज्याच्या कोळीण, रोज एसटीने यायच्या. आमच्या प्रत्येक कपड्याला मानेपाशी आतून जाळ्याच्या दोऱ्याची जाड गाठ मारून द्यायच्या. गाठ मानेला टोचली की कपडा बरोबर, गळ्याला टोचली की मागचा पुढे, आणि टोचलीच नाही तर उलटा. बटणं मात्र खालून वर लावायची, हा त्यांचा कायदा होता.

एकदा मी फणकाऱ्याने म्हटलं, "तुम्हाला दिसतं, म्हणून सोपं वाटतं!" दुसऱ्या दिवशी मावशी घरी डोळ्यांना फडकं बांधून घातलेल्या पोलक्यातच शाळेत आल्या, आणि ते उलटं. "वाटेत जासईला तासभर कंटेनरांची रांग. आख्ख्या एसटीनं माजी शिवन बघितली, पन एक बाय बोलली नाय!" आम्ही हसून लोळलो. सगळ्या शाळेला गाठी मारणाऱ्या बाईने स्वतःच्या पोलक्याला मारलीच नव्हती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो, आत जाऊन बदला." मावशी ठाम. "उलटा तर उलटा. माजा मी घातलाय." संध्याकाळी तशाच घरी गेल्या.

आमच्या शाळेत वर्ग सातवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर पुण्याचं वसतिगृह, आणि तिथली अट एकच, आपलं आपण आवरता आलं पाहिजे. घरी माझी बटणं अजून आईच लावायची. "तिथं कोण लावणार?" म्हणत तिने मला न पाठवायचं जवळजवळ ठरवलं होतं. मुलाखतीला मावशी रजा काढून आमच्याबरोबर आल्या.

तिथल्या बाईंनी माझ्या हातात एक परका सदरा दिला. गाठ नसलेला. शिवणीवरून मी उलटसुलट ओळखलं, खालून सुरुवात केली आणि चौथ्या बटणाला चुकले. सगळी उघडून पुन्हा खालून. आईची खुर्ची करकरली. लगेच मावशींची कुजबुज, "ताई, हातांवर बसा!"

शेवटचं बटण लागल्यावर बाईंनी विचारलं, "तुम्ही दोघी अशा का बसलात?"

"थंडी वाजते," मावशी म्हणाल्या. मे महिना होता.

मला प्रवेश मिळाला. आई बाहेर येऊन रडली. तिच्या हातांना मुंग्या आल्या होत्या, म्हणून डोळे मीच पुसले.

आता मी पनवेललाच एका बँकेत आहे. मागच्या महिन्यात करंज्याला गेले. मावशींना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय, उजवा हात चालत नाही. सुनेने बटणांचा गाऊन आणून दिलाय, पण लावायला आली तर तिला खोलीबाहेर काढतात. मी शेजारी बसले होते. बटणावर नख घसरल्याचा आवाज मी कुठेही ओळखते. एकदा घसरलं, दोनदा, तीनदा. माझा हात आपोआप पुढे गेला.

"बाय," मावशी म्हणाल्या, "तुजे हात कुटं हायेत?"

मी हात मागे घेतला.

"बसलेय त्यांच्यावर, मावशी."

"मंग बस," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा खालून सुरुवात केली.