आधी पाणी, मग पावडर

बोडकेकाका दुधाची बाटली कधी हातात उचलून बघत नसत. ती ओट्यावर ठेवायची आणि आपण गुडघ्यांत वाकायचं, डोळा नेमका पाण्याच्या रेघेशी येईपर्यंत. सत्तरी उलटली होती, गुडघे कुरकुरायचे, पण "वरून बघितलं का माप खोटं बोलतं, ताई" हे ठरलेलं. गंगापूर रोडच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. इंदिरानगरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहत. लग्न केलेलं नव्हतं आणि तान्ह्या मुलाला हात लावायची तर त्यांना भीतीच वाटे.

ओवीला आम्ही दत्तक घेतलं तेव्हा ती तीन महिन्यांची होती. ते दिवस मला अजून वाफेतूनच आठवतात. पातेल्यात बाटल्या उकळताहेत, खिडकीची काच धूसर झाली आहे, दुपार संपता संपत नाही आणि मी पेंगत पावडरचे चमचे मोजते आहे. ओवी दूध प्यायची आणि ओठ चाटत पुन्हा रडायची. शी खड्यासारखी. माझ्या मनानं घेतलं, की पोरीला मी आई म्हणून पसंत नाही. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

एकदा भाजीचा रिकामा डबा परत द्यायला काका आले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. बाटलीत पावडर घालून मी वरून खुणेपर्यंत पाणी ओतत होते.

"ताई, पाणी नंतर?"

"खुणेपर्यंतच घालतेय की, काका."

"खुणेपर्यंत हाय, पण पावडरीनं जागा खाल्ली ना! पाणी कमी पडलं. दूध घट्ट झालं. पोरगी तहानली आसंल."

पावडरच्या डब्यावर स्पष्ट छापलं होतं, आधी पाणी. मी चांगली शिकलेली बाई, चमच्यांचा आकडा तेवढा वाचून मोकळी झाले होते. मी ओट्याला टेकून रडायला लागले. "मला नाही जमणार आई होणं," एवढंच तोंडातून निघालं.

काकांनी ती बाटली माझ्यापासून बाजूला सरकवली. मग म्हणाले, "पोरी, आधी डॉक्टरला फोन लाव. रडायचं मागून बघू." एरवी ते मला ताई म्हणत.

डॉक्टरांनी ओवीला तपासलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले, पण माप मात्र काटेकोर पाळायला सांगितलं. मग काय, काकांना पुन्हा नोकरी लागल्यासारखंच झालं. चमचा सुरीच्या पाठीनं सपाट करायचा, "दाबायचा नाय, शीग लावायची नाय." दुधाचे थेंब मनगटावर टाकून बघायचे. उरलेलं दूध मी पुढच्या वेळेसाठी झाकून ठेवलं, तर त्यांनी ते सरळ मोरीत ओतलं. एका दुपारी डोळा लागत होता म्हणून मी बाटली उशीला टेकवून ओवीच्या तोंडात दिली. तेव्हा मात्र ते खरोखर चिडले. "पोरीला ठसका लागला तर उशी उठणार हाय का?"

ओवी बाळसं धरू लागली. माझी धाकधूक मात्र जाईना. हिला दूध हवं आहे, बाटली कुणी का धरेना, असं वाटत राहायचं.

काका सिन्नरला पुतण्याकडे कायमचे राहायला निघाले. त्या सकाळी मी ओवीला बळंच त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी श्वास रोखून तिचं डोकं जरा उंच धरलं, निपलमध्ये हवा राहणार नाही अशी बाटली तिरकी केली. ओवी लुचू लागली. खिडकीतून कोवळं ऊन त्या दोघांवर आलं होतं आणि मला ते सगळं स्वप्नातल्यासारखं वाटत होतं. मी दारातून विचारलं, "काका, चहा ठेवू ना?"

ओवी प्यायची थांबली. निपल सोडून तिनं मान वळवली, माझ्या आवाजाच्या दिशेनं बघत राहिली आणि ओठ काढून रडायच्या बेतात आली. काकांनी पुन्हा बाटली लावली, तिनं तोंड फिरवलं.

"घ्या," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "दूध माझ्या हातात हाय, अन् पोरगी आई हुडकती."

मी तिला उचलून घेतलं. चहा ठेवायचा राहूनच गेला.