सगळी वाट

आमच्या घरी कुणाला पोचवायला जायचं म्हणजे पार सडक अर्जुनीच्या हायवेपर्यंत जायचं आणि बस नजरेआड होईस्तोवर उभं राहायचं. अर्ध्यातून परतलं तर जाणाऱ्याचा जीव वाटेत अडकतो, असं माय सांगायची. मी गोंदियाला कॉलेजात इंग्रजी शिकत होते. असल्या गोष्टींना नाक मुरडणं हाही त्या शिक्षणाचाच भाग होता.

बाबूजी वारले त्या दिवशी रिवाजाप्रमाणे बायकांना नदीच्या वाटेवर, घरापासून हाकेच्या अंतरावरच्या मोहाच्या झाडापाशी थांबवलं. पुरुष तिरडी घेऊन नदीकडे गेले. माय मागे फिरली.

पुढं सुटीत घरी आले. दिवेलागणीला तांदूळ निवडता निवडता तिचा हात थांबला. "आयकलं का वो? तुये बाबूजी खोकलून रायले. मोहाखालीच हायेत."

"कोनी नाही, माय."

"कसे नाही? मीच तं अर्ध्यातून मांगं फिरली. कसे जातीन ते?"

खोकला मलाही ऐकू आला होता. मी उठून रेडिओ मोठा केला.

मायचं अन्न तुटलं. बांगड्या नसलेले तिचे हात काटकुळे दिसू लागले. ही पण हातची जाते की काय, या भीतीनं माझं अभ्यासात लक्ष लागेना.

त्याच सुमारास वर्गात सरांनी 'ऑलवेज'चं मूळ सांगितलं. सदा, नेहमी, हे अर्थ मागून आले. जुन्या इंग्रजीत ते दोन शब्द होते, 'सगळी' आणि 'वाट'. अर्ध्यात न थांबता रस्ता संपेपर्यंत, असा त्याचा आधीचा अर्थ. बाकीच्या पोरी लिहून घेत होत्या. मला मोहाचं झाड दिसत होतं.

रविवारी घरी गेले आणि म्हटलं, "चाल माय, पोचवून येऊ त्यायले."

लोक काय म्हणतील, याची तिला धास्ती होती. तरी मोहापाशी ती थांबली नाही. नदीकाठची जळकी जागा पावसानं धुतली होती. माय तिथं बराच वेळ उभी राहिली, बस निघाल्यावर उभी राहायची तशीच. मग म्हणाली, "गेले." घरी येऊन पोटभर भात जेवली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती निवांत तांदूळ निवडत बसली. मी मात्र मोहाकडे कान लावला. हायवेवरून ट्रक गेले, कुत्रं भुंकलं. खोकला काही आला नाही. तोवर मी एकदाही रडले नव्हते.

"काऊन रडून रायली वो?" मायनं विचारलं.

तिला काय सांगणार? बाबूजी गेले होते.