मुरमाची खाण

"हिला जीपमधी घालू नका. गाडी बाटंल."

मुकादम बोलला. माझी थोरली बहीण, अक्का, मुरमाच्या ढिगाशेजारी आडवी होती. दरडीखालून आत्ताच बाहेर काढलेली. जीव होता. नाकातोंडात माती. मी बोटानं माती काढत होते. रस्त्याच्या कामावरच्या साहेबाची जीप वीस पावलांवर. साहेब आत बसलेला. त्यानं ऐकलं. काच वर केली.

मग बैलगाडी आणली. नळदुर्गचा दवाखाना यायच्या आधीच अक्का गेली. डोकं माझ्या मांडीवर होतं. मला रडू आलं न्हाय. बैलांच्या हलणाऱ्या शेपट्या बघत बसले.

दुष्काळाचं साल. आमच्या बौद्धवाड्यातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर. रस्त्याला लागणारा मुरूम आम्ही टेकडीच्या खाणीतून काढायचो. मुकादम गावातल्या बड्या घरातला. तो म्हणायचा, "खालनं पोखरा. वरचा थर आपसूक येतो." पोखरायला आमच्याच वाड्यातली माणसं. गावातल्या आणि बाकीच्या बाया बाहेर, पाट्या उचलायला.

त्या सकाळी अक्का म्हणाली, "मुकादम, वर भेग पडलीया."

"भेगा बघाय आलीस का कामाला? जा आत."

ती गेली. मी पाटी रिकामी करत होते. आवाज मोठा झाला न्हाय. पोतं टाकल्यागत झाला.

दुसऱ्या दिवशी काम चालू. त्याच कड्याला, चार हात बाजूला. मीही गेले. घरी अक्काची दोन लेकरं होती, त्यांना भाकर लागत होती. हात चालत होते. बाकी अंग जणू माझं नव्हतं.

चौथ्या दिवशी मुकादमानं आमच्या वडलांना खाणीवर बोलावलं. कागद पुढं केला. "दादा, अंगठा लावा. दवाखान्याचा कागद हाय."

दादांना अक्षर येत नव्हतं. अंगठा शाईत बुडला. मी चौथीपर्यंत शिकलेली. वाकून वाचलं. मयत बाई कामावर नव्हती. सरपणाला आली असता स्वतःच्या चुकीने दरड अंगावर पडली.

स्वतःच्या चुकीने. परत वाचलं. तेच होतं.

मी दादांचं मनगट धरलं.

"दादा, लावू नका."

"पोरी, उद्या कामाला घ्यायचे न्हाईत."

"नका घेऊ म्हणावं."

मुकादम म्हणाला, "लई शिकलीस व्हय गं?"

मी कागद उचलला. ढिगावर चढले. सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. दोनदा. पाट्या थांबल्या. मग गावातली एक म्हातारी, पाटी डोक्यावर तशीच ठेवून म्हणाली, "ती कामावर व्हती. म्या बघितलंय." तेवढंच बोलली.

दादांनी अंगठा लावला न्हाय. आमच्या घराला कामावरून काढलं. मुकादमाला कुणी काही विचारलं न्हाय. रस्ता पुरा झाला. त्यावरून एसटी जाते. पुढच्या उन्हाळ्यात त्याच खाणीत आणखी एक माणूस दबला. अक्काची पोरगी आता बाईमाणूस झाली, तरी छताखाली झोपत न्हाय. थंडीतही अंगणात.

आता कुठं विहिरीवर, कुठं खाणीवर पोखरणं चालू आहे असं कळलं की मी जाते. मुकादमासमोर उभी राहते. आत गेलेल्यांना नाव घेऊन बाहेर बोलावते. ते शिव्या देतात. देऊ देत. दरड पडायची असंल तर हुकूम देणाऱ्यानं आधी खाली उभं राहावं. आमची माणसं जाणार न्हाईत.